सह्याद्रीपलीकडचे सांगाती

देशावरच्या माणसाला समुद्र म्हणजे पाहण्याची वस्तु. महाबळेश्वरास गेलें म्हणजे स्वच्छ हवेच्या दिवशीं पश्चिमेकडे क्षितिजावर एक रुपेरी रेघ दिसते. वडील मंडळी ती मुलांना बोटानें दाखवितात आणि सर्वजण परत फिरतात. गणपतिपुळ्यास गेलें तरी पावलें भिजविण्यापलीकडे आपली मजल जात नाहीं. अशा स्थितींत साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या एखाद्या नांदत्या घरांत कॉलेजांत जाणाऱ्या मुलानें अथवा मुलीनें जेवतांना सहज म्हणावें कीं, 'दिवाळीनंतर आम्ही शिडाच्या नावेनें कोंकणच्या किनाऱ्याकिनाऱ्यानें जाणार आहों,' म्हणजे सारी पंगत स्तब्ध होते. आजी देवाचें नांव घेतात, आई मुलाकडे न पाहतां भाताचें भांडें पुढें सारते, आणि घरांतील कर्ते गृहस्थ विचारतात, 'पण त्यांत मिळणार काय?'

हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेंतील विद्यार्थी शिडाच्या नावांतून किनाऱ्यानें मोहिमा काढतात. हौशी मंडळींच्याहि लहानमोठ्या नावा मुंबई-गोव्याच्या दरम्यान हिंडतात. तेव्हां हा विषय आज ना उद्यां आपल्या घरांत निघणारच. तो निघाला असतां होय म्हणावें कीं नाहीं म्हणावें, याचा थोडा विचार या वेळीं करूं.

समुद्र आपला नव्हे, ही समजूत आपण वाटतें तितकी जुनी नाहीं. क्षेत्र महाबळेश्वराच्या पंचगंगा मंदिरांत कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री अशा पांच नद्यांचा उगम मानितात. त्यांपैकीं कृष्णा वाई, माहुली, कऱ्हाड आणि सांगली अशीं गांवें घेत पूर्वसमुद्राकडे जाते; सावित्री मात्र कडा उतरून महाडवरून बाणकोटास पश्चिमसमुद्राला मिळते. ज्या नदीच्या घाटावर आपल्या घरच्या पिढ्यान् पिढ्या स्नानसंध्या झाली, तिचीच एक बहीण पलीकडच्या खाडींत नांदते आहे. आगगाडी येण्यापूर्वीं सातारा-कऱ्हाडकडचा माल कुंभार्ली घाटानें चिपळुणास उतरे, गोवळकोटच्या धक्क्यावर मचव्यांत चढे, आणि वाशिष्ठीच्या खाडीनें दाभोळवरून मुंबईस जाई; मुंबईचा माल त्याच वाटेनें वर येई. कोल्हापूरकडचा व्यापार याच रीतीनें राजापूर बंदराशीं बांधलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोहमार्ग मिरजेपर्यंत आला आणि घाटाखालची ती वाट आपल्या विस्मरणांत गेली. आपल्यांतील कित्येकांचे पूर्वज तर त्याच वाटेनें देशावर आलेले. सांगलीचे संस्थानिक पटवर्धन मूळचे रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे, हें सर्वश्रुत आहे.

साताऱ्याचा संबंध तर याहून मोठा. १७१३ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीनें कान्होजी आंग्रे शाहू छत्रपतींच्या बाजूस आले. साताऱ्याच्या गादीचे सरखेल समुद्रावर होते, आणि त्यांच्या दस्तकाशिवाय किनाऱ्यानें फिरणें परदेशी व्यापाऱ्यांनाहि जड जाई. पुढें आपणच आपल्या हातानें काय केलें तेंहि सांगितलें पाहिजे. फेब्रुवारी १७५६ मध्यें पेशव्यांनीं इंग्रजांचें साह्य घेऊन तुळाजी आंग्र्यांवर मोहीम केली आणि विजयदुर्गाच्या खाडींत आंग्र्यांचें आरमार जळून खाक झालें. भाऊबंदकींत परक्याच्या हातीं काडी दिली म्हणजे घर कोणाचें जळतें, हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांना अधिक फोडून सांगण्याची गरज नाहीं.

शास्त्राचा आक्षेप आतां कोणी फारसा घेत नाहीं. तरी जुन्या मंडळींच्या मनांत तो कोठें तरी असतो. कलिवर्ज्यांच्या यादींत समुद्रयात्रा करून आलेल्या द्विजाचा स्वीकार निषिद्ध सांगितला आहे, आणि एकोणिसाव्या शतकांत विलायतेहून परतलेल्यांना त्यासाठीं प्रायश्चित्तें घ्यावीं लागलीं, हें खरें. परंतु त्याच काळांत कोंकणांतील भिक्षुक, कारकून, मामलेदार आणि शाळामास्तर मचव्यांत बसून खाड्या ओलांडीत होते व गलबतानें मुंबईस जात होते. किनारा नजरेंत ठेवून केलेल्या प्रवासाला समुद्रयात्रा असें कोणी मानिलें नाहीं. तेव्हां मुलानें 'किनाऱ्याकिनाऱ्यानें' हा शब्द उच्चारला असेल, तर पंगतीनें धर्माची चिंता करूं नये.

आतां हा प्रवास होतो कसा तें पाहूं. कारण ज्याला आपण नकार देतों तें काय आहे, हें आधीं समजून घेणें न्यायाचें. पावसाळ्यांत कोंकणचा समुद्र शिडाच्या लहान नावेला बंद असतो. नावा वाळूवर ओढून झांपांनीं शाकारून ठेवितात. नारळीपौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केला म्हणजे कोळ्यांचा हंगाम सुरू होतो. परंतु हौशी प्रवाशाचा खरा काळ दिवाळीनंतर फाल्गुनापर्यंत. या महिन्यांत या किनाऱ्यावर दिवसाचा वारा निराळा आणि रात्रीचा निराळा. रात्रीं जमीन लवकर निवते व समुद्र त्या मानानें उबदार राहतो; म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहूं लागतो. त्याला मतलई म्हणतात. सकाळीं उन्हें चढेपर्यंत तो टिकतो. मग घटका दोन घटका वारा पडतो, शीड धुतलेल्या धोतरासारखें लोंबतें, आणि नवशिक्याच्या सहनशीलतेची परीक्षा होते. दुपारीं जमीन तापली कीं वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि सायंकाळपर्यंत वाढत जातो.

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्याला हे दोन्ही वारे साह्य करितात. उत्तरेकडे परतणाऱ्याची मात्र खरी कसोटी असते. दुपारचा वारा नेमका त्याच्या तोंडावर येतो, आणि वाऱ्याच्या तोंडावर सरळ चालेल असें शीड अजून कोणी शिवलेलें नाहीं. नाव आधीं एका अंगास तिरकी न्यावयाची, मग वळवून दुसऱ्या अंगास. अशा वेलांट्या घेत दहा मैल पुढें सरकण्यासाठीं चौदा-पंधरा मैल कापावे लागतात. म्हणून जाणता तांडेल मध्यरात्र उलटतांच नांगर उचलतो आणि मतलईवर किनाऱ्याच्या जवळून निघतो. वारा फिरण्यापूर्वीं पुढची खाडी गांठतो. मुंबई ते पणजी हें अंतर सुमारें सव्वादोनशें सागरी मैलांचें आहे, आणि एक सागरी मैल १८५२ मीटरांचा. ताशीं पांच मैलांच्या चालीनें अहोरात्र गेलें तर तें दोन दिवसांचें काम. परंतु तसें धांवत जावयाचें असेल तर आगगाडी काय वाईट आहे? या प्रवासाची गोडी मुक्कामांत आहे. बाणकोट, हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें. एक एक खाडी, एक एक किल्ला आणि एक एक दीपगृह असें तें पारायण आहे.

खाडींत शिरणें ही स्वतंत्र विद्या आहे. अनेक खाड्यांच्या मुखाशीं वाळूचा बांध सांचलेला असतो. भरतीचें पाणी चढतें असतांना त्यावरून आंत जावें लागतें. भरतीची वेळ कशी काढावी याची जुनी युक्ति आमच्या पंचांग बाळगणाऱ्या घरांना अवश्य आवडेल. तिथीची पाऊणपट केली कीं पूर्ण भरतीची स्थूल वेळ निघते. चतुर्थीला सुमारें तीन वाजतां, अष्टमीला सहा वाजतां; अमावास्येला व पौर्णिमेला बाराच्या सुमारास. हा हिशेब मुंबईकडचा; दक्षिणेकडे जावें तसतशी वेळ थोडी आधीं येते. उधाणाच्या दिवशीं मुंबईस भरती-ओहोटींतील फरक चार मीटरांहून अधिक असतो, गोव्याकडे तो दोन मीटरांच्या आसपास उतरतो. ज्या तिथीला आपण एकादशीचा उपास धरितों त्याच तिथीवर पलीकडे कोणी आपला नांगर उचलीत असतो. चंद्र एकच, पंचांग एकच. केवळ उपयोग निराळा.

आणि येथें सांगातीं भेटतात. खाडींत नांगर टाकून शीड गुंडाळतां गुंडाळतांच शेजारच्या होडीवरून हांक येते, 'खंयसून इलात?' या प्रश्नांत उगीच चौकशी नसते. तुम्ही कोठून आलांत, यावरून वाटेंत वारा कसा होता, जाळीं कोठें पसरलीं होतीं, लाट कोणत्या दिशेची होती, हें सर्व त्याला कळावयाचें असतें. आणि त्याच्या मोबदल्यांत वाळूचा बांध यंदा कोणत्या बाजूस सरकला आहे, मालवणच्या खडकांतून वाट कशी काढावी, गोडें पाणी कोणाच्या विहिरीचें चांगलें, हें तो तुम्हांला सांगणार असतो. नकाशांत छापलेली खाडी जुनी असते. खाडींत राहणाऱ्याच्या डोक्यांतली ताजी असते. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी मुसलमान, अशा निरनिराळ्या समाजांच्या लोकांनीं हें ज्ञान पिढ्यान् पिढ्या जपलें आहे. तें पुस्तकांत फारसें उतरलेलें नाहीं. आमच्या घरांतून पाठांतराची जशी परंपरा होती तशीच ही. मात्र ह्या पाठांतरांत चूक झाली तर गुरुजी छडी मारीत नाहींत, नाव खडकावर बसते.

आमच्या मुलांना या भेटींतून जें मिळतें तें कॉलेजांत मिळत नाहीं. नाव वळवितांना शिडाचा खालचा वासा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस सपकन् जातो. त्या क्षणीं तांडेल ओरडतो, 'डोकें खालीं!' तें ऐकून आधीं वांकावयाचें असतें आणि कारण मागाहून विचारावयाचें असतें. ज्याच्या घरांत चार पिढ्या दुसऱ्यांना शिकविण्याचीच सवय आहे, त्या मुलानें मॅट्रिकचें तोंडहि न पाहिलेल्या माणसाचा शब्द प्राणापेक्षां अधिक मानावा, हा संस्कार साधा नव्हे. पुस्तकी विद्येचा अभिमान खाऱ्या पाण्यांत फार लवकर उतरतो, आणि उतरला म्हणजे अंगास बरेंच वाटतें.

समुद्रावरील वागणुकीचे लेखी नियमहि आहेत. १९७२ सालीं ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत दोन नावा समोरासमोर आल्या असतां कोणीं कोणाला वाट द्यावी, हें सांगितलें आहे. यंत्रावर चालणाऱ्या नावेनें सामान्यतः शिडाच्या नावेला वाट द्यावी. कारण वळण्याची सोय यंत्राला अधिक. परंतु शिडाच्या नावेनें जाळें टाकून मासेमारी करणाऱ्या नावेला वाट द्यावी. हा क्रम मनांत घोळविण्यासारखा आहे. ज्याला अधिक सामर्थ्य त्यानें बाजूस व्हावें. आणि जो हौसेनें निघाला आहे त्यानें पोटासाठीं निघालेल्याच्या जाळ्यावरून जाऊं नये. आमच्या रस्त्यांवर याच्या नेमकी उलट वहिवाट दिसते.

कोणी म्हणेल, ही सारी किनाऱ्यावरच्या लोकांची गोष्ट. आमचा त्याच्याशीं संबंध काय? त्याला उत्तर आमच्याच जिल्ह्यांत आहे. फलटण तालुक्यांतील विंचुर्णी हें माणदेशाच्या वाटेवरचें कोरडें गांव. तेथें निवृत्तीनंतर व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी राहत. १९२७ मध्यें जन्मलेल्या या गृहस्थांना १९७१ च्या युद्धांत 'कामोर्टा' युद्धनौकेवरील पराक्रमाबद्दल वीरचक्र मिळालें. पुढें ते पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख झाले आणि १९८३ मध्यें निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणूस नातवंडांत रमतो, यांत गैर कांहींच नाहीं. परंतु आवट्यांच्या मनानें एक ध्यास घेतला होता. शिडाच्या नावेंतून एकट्या भारतीयानें पृथ्वीप्रदक्षिणा करावी, आणि ती नावहि भारतांतच बांधलेली असावी. सैन्याच्या अभियंत्यांनीं 'तृष्णा' नांवाच्या नौकेंतून १९८५ ते १९८७ या काळांत समूहानें अशी प्रदक्षिणा केली होती. एकट्यानें मात्र ती कोणीं केली नव्हती. आवट्यांनीं हा विचार वर्षानुवर्षें नौदलापुढें लावून धरिला. 'सागर परिक्रमा' हें नांव आज सर्वांना माहीत आहे. त्याचें बीज समुद्राचा वाराहि न पोहोंचणाऱ्या या गांवीं राहणाऱ्या वृद्धानें जपलें. ४ नोव्हेंबर २०१८ रोजीं विंचुर्णी येथेंच त्यांचें देहावसान झालें.

हा ध्यास पुरा कसा झाला, हें पाहिलें म्हणजे 'एकट्याचा प्रवास' या शब्दांतील फसवेपणा कळतो. २००६ मध्यें नौदलांतील पाणबुड्या अधिकारी कमांडर दिलीप दोंदे यांनीं या कामासाठीं आपण होऊन नांव दिलें. एकट्यानें महासागर ओलांडण्याचा अनुभव त्यांना नव्हता. नाव बांधण्याचें काम गोव्यांतील दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकर यांनीं अंगावर घेतलें. त्यांनींहि अशी नाव पूर्वीं बांधली नव्हती. आराखडा हॉलंडचा, लांबी ५६ फूट, आणि नांव 'म्हादेई', म्हणजे मांडवीचें वरच्या अंगाचें नांव. शिकविण्यासाठीं इंग्लंडचे सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचें साह्य मिळालें. हे तेच गृहस्थ, ज्यांनीं १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या ३१२ दिवसांत कोठेंहि न थांबतां एकट्यानें पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली. आणि त्यांची ती 'सुहेली' नाव कोठें बांधलेली होती? मुंबईस, सागवानी लांकडाची, आपल्याकडच्या सुतारांच्या हातची! मुंबईच्या सुतारांनीं त्यांना जें दिलें त्याची परतफेड त्यांनीं चाळीस वर्षांनीं दोंद्यांना केली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजीं मुंबईहून निघाले. ऑस्ट्रेलियांतील फ्रीमँटल, न्यूझीलंडांतील लिटलटन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली आणि आफ्रिकेच्या टोंकाचें केप टाउन अशा चार ठिकाणीं थांबून ते मे २०१० मध्यें परतले. त्यांच्या पाठीशीं बंदरोबंदरीं उभा राहिलेला साहाय्यक होता अभिलाष टॉमी. त्याच 'म्हादेई'तून टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजीं निघाले आणि कोणत्याहि बंदरास न लागतां ३१ मार्च २०१३ रोजीं मुंबईस पोहोंचले. एकानें दुसऱ्याची दोरी धरिली, म्हणून दुसरा पुढें गेला. मोठ्या घरांत थोरल्यानें शिकावें आणि धाकट्याची फी भरावी, तसाच हा प्रकार.

समुद्रावरचें नातें किती खोल जातें हें पुढें २०१८ मध्यें दिसून आलें. नॉक्स-जॉन्स्टन यांच्या प्रवासाला ५० वर्षें झालीं म्हणून जुन्या पद्धतीच्या साधनांनींच पृथ्वी भोंवतीं जाण्याची एक शर्यत निघाली होती. टॉमी गोव्यांत बांधलेल्या 'थुरिया' नावेंतून तींत होते. २१ सप्टेंबरच्या सुमारास दक्षिण हिंदी महासागरांत भयंकर वादळ झालें. डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली, आणि नावेंतच ते निपचित पडून राहिले. सर्वांत जवळचा माणूस म्हणजे आयर्लंडचा ग्रेगर मॅकगकिन. परंतु त्याच वादळांत त्याचीहि डोलकाठी गेली होती. तरी त्यानें मोडक्यातोडक्या काठ्यांवर शीड उभारलें आणि आपली नाव टॉमींच्या दिशेनें वळविली. शेवटीं 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती जहाजानें २४ सप्टेंबर रोजीं टॉमींना उचललें व मागाहून मॅकगकिनलाहि घेतलें. नौदलाचें विमान व जहाजहि त्यासाठीं धांवलें होतें. स्वतः लंगडा झालेला मनुष्य दुसऱ्या लंगड्याकडे निघाला, हें लक्षांत घ्या. त्याच शर्यतीच्या पुढच्या खेपेस, नोव्हेंबर २०२२ मध्यें, फिनलंडच्या तापिओ लेह्तिनेन यांची नाव बुडाली, तेव्हां दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर या बाईंनीं आपली शर्यत बाजूस ठेवून रात्रभर नाव हांकीत जाऊन त्यांना तराफ्यावरून वांचविलें. आणि तरीहि एप्रिल २०२३ मध्यें पहिल्या त्याच आल्या. दुसरे आले टॉमी, पाठीचा कणा सांधून घेऊन परत निघालेले!

संकटांत सांपडलेल्याला मदत करणें हें कर्तव्य संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारांत ९८ व्या कलमानें सांगितलें आहे. परंतु कलम लिहिलें जाण्याच्या कितीतरी आधीं ही रीत पाळली जात होती. १७ जुलै १९४७ रोजीं 'रामदास' आगबोट मुंबईहून रेवसला जातांना बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं, ती आठवण अनेक घरांत अजून ताजी असेल. जे वांचले त्यांतील कित्येकांना रेवसकडच्या कोळ्यांच्या मचव्यांनीं पाण्यांतून काढलें. त्यांना ९८ वें कलम कोणीं वाचून दाखविलें नव्हतें.

मुलींच्या बाबतींत वाचकभगिनींच्या मनांत निराळी काळजी असेल. त्यांनीं एवढेंच पाहावें. सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळांत लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालीं नौदलाच्या सहा तरुणी 'तारिणी' नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. हीहि नाव दिवाडीलाच बांधलेली. २ ऑक्टोबर २०२४ रोजीं त्याच नौकेंतून दिलना आणि रूपा या दोनच अधिकारी निघाल्या, आणि २९ मे २०२५ रोजीं गोव्यास परतल्या. दोघींनीं आठ महिने एका लहानशा घरांत काढिले. त्यांत आळीपाळीनें एक जागी आणि दुसरी निजलेली. जाऊबाईंना हें किती कठीण असतें, तें सांगण्याचें कारण नाहीं!

धोका नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. नोव्हेंबर २००९ मध्यें, ऐन चांगल्या हंगामांत, फयान वादळानें कोंकणच्या कितीतरी मच्छीमारांचे बळी घेतले. परंतु पाण्याला दूर ठेवल्यानें आपण सुरक्षित राहतों, हाहि भ्रमच आहे. आपण समुद्राकडे गेलों नाहीं, तरी ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेचें पाणी सांगलीच्या रस्त्यांवर आलें, आणि नावा घेऊन नौदलाच्या लोकांना आपल्या दाराशीं यावें लागलें. त्याच पुरांत ८ ऑगस्ट रोजीं पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटून अनेकांना जलसमाधि मिळाली. नावेंत किती माणसें घ्यावींत, कोठें बसावें, कोणाच्या अंगावर तरंगता अंगरखा आहे, नाव कलली असतां एका बाजूस धांवूं नये, हें प्रत्येक घरांतील एका तरी माणसाला माहीत असतें, तर अशा प्रसंगीं कितीतरी जीव वांचतील. ज्या सांगलींत कृष्णेवर होड्यांच्या शर्यती पाहावयास सारा गांव लोटतो, तेथें ही विद्या परकी राहावी हें योग्य नव्हे. कर्त्या गृहस्थांनीं विचारलेल्या 'मिळणार काय' या प्रश्नाचें सर्वांत व्यवहारी उत्तर हेंच आहे.

म्हणून आमचें मत असें कीं, मुलाला अथवा मुलीला जाऊं द्यावें. पण अटी घालाव्या आणि त्या कडक पाळाव्या. पोहतां आल्याशिवाय पाऊल ठेवावयाचें नाहीं. जाणत्या तांडेलाच्या किंवा शिक्षकाच्या हाताखालींच जावयाचें. हवामानखात्याचा इशारा असला तर नांगर उचलावयाचा नाहीं, मग सुटी फुकट गेली तरी चालेल. तरंगता अंगरखा अंगांतून काढावयाचा नाहीं. नावेवर बिनतारी यंत्र असावें आणि संकटाची हांक सोळाव्या वाहिनीवर कशी द्यावी, हें प्रत्येकाला यावें. घरच्यांनीं आपल्या बाजूनें एक अट पाळावी. मुक्कामाच्या खाडींतून निरोप येण्यास चार-सहा तास उशीर झाला तर आकांत करूं नये. वारा पडला असेल.

आणि एक शेवटची अट मुलांनीं परतल्यावर पाळावयाची. ज्या तांडेलानें शीड धरावयास शिकविलें आणि ज्या घरानें विहिरीचें गोडें पाणी भरून दिलें, त्यांचीं नांवें व गांवें लिहून आणावीं. पुढच्या दिवाळीस सांगलीची हळद नाहीं तर साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन कुंभार्ली घाट उतरावा, आणि त्यांच्या ओटीवर बसून चार घटका बोलून यावें. घाटावरचा माल त्या खाडीला पोहोंचून शंभरावर वर्षें होऊन गेलीं. एवढा तरी व्यवहार पुन्हां सुरू व्हावा.